‘द आर्ट ऑफ सीइंग’ : सूर्यदर्शनाचा युक्तिवाद आणि त्यातील एक निसटती जागा

इंग्रजी लेखक अल्डस हक्सले (१८९४–१९६३) मराठी वाचकाला परिचित आहेत ते प्रामुख्याने ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीमुळे. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ सीइंग’ (१९४२) या छोटेखानी ग्रंथाकडे साहित्याचे अभ्यासक एका मोठ्या लेखकाची लहर म्हणून पाहतात, तर नेत्रवैद्यकाने तो अशास्त्रीय ठरवून बाजूला सारला आहे. तथापि चष्म्याशिवाय दृष्टी सुधारण्याचे आणि त्यासाठी सूर्याकडे पाहण्याचे जे उपाय आजही आग्रहाने सांगितले जातात, त्यांच्यामागील विचार इतक्या सुसंस्कृत गद्यात क्वचितच मांडला गेला असेल. म्हणूनच सदर ग्रंथाची तपासणी युक्तिवाद म्हणून व्हावयास हवी.

ग्रंथाचे बळ त्याच्या प्रस्तावनेत आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी हक्सले यांना नेत्रपटलाचा तीव्र दाह झाला. सुमारे दीड वर्ष ते जवळजवळ अंध होते व ब्रेल लिपीवर अवलंबून होते. पुढे एका डोळ्याला केवळ उजेडाची जाणीव उरली. दुसऱ्याने तपासणी-तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षर दहा फुटांवरून कसेबसे दिसे. १९३९ मध्ये, जाड भिंगांनीही वाचन अवघड होऊ लागल्यावर, त्यांनी न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स (१८६०–१९३१) यांच्या पद्धतीचे शिक्षण घेतले आणि काही महिन्यांतच आपण चष्म्याविना वाचू लागलो, असे नमूद केले. हे निवेदन प्रांजळ आहे. त्यात जाहिरातीचा सूर नाही. ऋण फेडण्याची भावना आहे. वाचक येथेच लेखकाच्या बाजूने झुकतो.

पुढील मांडणीही प्रारंभी निर्दोष वाटते. तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांच्या विवेचनाच्या आधारे हक्सले पाहण्याच्या क्रियेचे तीन घटक सांगतात : संवेदन, निवड आणि आकलन. डोळा केवळ संवेदन पुरवतो. उरलेले काम मनाचे, स्मृतीचे व सवयीचे असते. अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञाला रानात जे दिसते ते नवख्याला दिसत नाही, हे कोण नाकारील? ताण, भीती व कंटाळा यांमुळे दिसणे मंदावते, हेही पटण्यासारखे आहे. बेट्स यांचा शरीरशास्त्रीय सिद्धांत मात्र टिकणारा नव्हता. जवळ-दूर पाहताना डोळ्यातील भिंग नव्हे, तर बाहेरचे स्नायू नेत्रगोलाचा आकार बदलतात, असे ते म्हणत. भिंगाचाच आकार बदलतो, हे प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध झालेले आहे. हक्सले यांनी चतुराईने, किंवा प्रामाणिकपणे म्हणा, या सिद्धांताची जबाबदारी घेतली नाही. पद्धत फलदायी आहे, एवढेच ते सांगत राहिले.

युक्तिवाद निसटतो तो प्रकाशाविषयीच्या प्रकरणात. डोळा हे प्रकाशाचे इंद्रिय आहे. मग प्रकाशाचे भय कशाला? काळ्या चष्म्यांच्या फॅशनची थट्टा करून हक्सले वाचकाला उन्हाकडे वळवतात : आधी मिटलेल्या पापण्यांवर ऊन, मग मान हलवत ठेवून उघड्या डोळ्यांवरून सूर्याचा ओझरता स्पर्श. टक लावू नये, हा इशारा ते देतात. परंतु मनाच्या शिक्षणाविषयी मिळवलेला विश्वास येथे दृष्टिपटलाच्या ऊतींसाठी खर्च केला जातो. आकलन सरावाने सुधारते, यावरून दृष्टिपटलही सरावाने सूर्य सोसू लागेल, हे निष्पन्न होत नाही. हा सांधा मूळ गद्याच्या ओघात सहसा लक्षात येत नाही.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, हीच येथे निर्णायक बाब होय. सूर्याचे प्रतिबिंब नेमके सूक्ष्म दृष्टीच्या मध्यबिंदूवर पडते आणि तेथे प्रकाशरासायनिक इजा होते. ती काही तासांनी जाणवते : वाचताना मधलेच अक्षर पुसट, रेषा वाकडी. बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांत सुधारणा होते. काहींत मधला डाग कायम राहतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. स्वतः बेट्स यांनी १९२० च्या ग्रंथात सूर्याकडे पाहण्याचे दुष्परिणाम तात्पुरते असतात असे लिहिले होते. त्यांच्या निधनानंतरच्या आवृत्त्यांतून उघड्या डोळ्यांवर थेट ऊन घेण्याचे गुणगान वगळले गेले.

भारतात हा विचार दोन वाटांनी पोहोचला. डॉ. आर. एस. अगरवाल यांनी पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात नेत्रशिक्षणाची शाळा चालवली. तेथे सूर्यसेवन मिटलेल्या डोळ्यांनी करण्यावर भर राहिला. दुसरी वाट हीरा रतन माणेक यांची : पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग रोज दहा सेकंदांची वाढ करीत सुमारे नऊ महिन्यांत चव्वेचाळीस मिनिटे. अशा साधनेला बहुधा प्राचीन परंपरेचा आधार दिला जातो. वस्तुतः वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येत सूर्याकडे सतत पाहू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ‘मनुस्मृती’च्या चौथ्या अध्यायात तर उगवता, मावळता, ग्रहणग्रस्त, पाण्यात प्रतिबिंबित व मध्यान्हीचा सूर्य पाहण्यास मनाई आहे. मनूचा हेतू वैद्यकीय होता असे म्हणता येणार नाही. पण परंपरेचे नाव घेणाऱ्याने हे निषेध वाचलेले असावेत, एवढी अपेक्षा गैर नाही. अर्घ्य देणे आणि टक लावणे या भिन्न क्रिया आहेत. ‘हठयोगप्रदीपिके’तील त्राटकही सूक्ष्म लक्ष्यावर आहे, सूर्यावर नव्हे.

हक्सले यांना आलेला अनुभव मग खोटा होता काय? १९५२ मध्ये प्रकाशक बेनेट सर्फ यांनी एक प्रसंग लिहिला. हॉलिवूडमधील एका मेजवानीत हक्सले चष्म्याविना भाषण वाचत होते. मध्येच अडखळले, कागद डोळ्यांजवळ नेऊ लागले आणि अखेरीस खिशातून भिंग काढावे लागले. भाषण पाठ केलेले होते, हे तेव्हा उघड झाले. विरोधकांनी या प्रसंगाचा फार उपयोग केला. हक्सले यांचे उत्तर मात्र कमी उद्धृत होते : मंद उजेडात आपण भिंग वापरतोच, उत्तम उजेडाखेरीज नीट वाचता येते असा दावा आपण कधी केलेला नाही. भरपूर उजेडात बाहुली आकुंचन पावते, लहान छिद्रातून येणाऱ्या किरणांमुळे प्रतिमेचा पुसटपणा घटतो आणि चष्म्याविनाही अक्षर अधिक रेखीव दिसते. त्यासाठी ऊन पुस्तकाच्या पानावर पडलेले पुरते.