कबुलीनंतरचा प्रश्न

टॉम रॉब स्मिथ यांच्या 'चाइल्ड ४४' या कादंबरीत स्टालिनकालीन रशियातील बालहत्यांचा तपास आहे. २००८च्या बुकर पुरस्काराच्या प्राथमिक यादीत तिचा समावेश झाला. रहस्यकथेला असा मान क्वचितच मिळतो. त्यामुळे पुढच्याच वर्षी आलेला तिचा उत्तरभाग, 'द सीक्रेट स्पीच', वाचकांनी मोठ्या अपेक्षेने हाती घेतला. वर्ध्यातील आमच्या वाचकमित्रांत त्यावरून दोन तट पडले. रहस्य पातळ झाले आणि पळापळ वाढली, असे एका तटाचे म्हणणे. दुसऱ्याला हाच भाग अधिक अस्वस्थ करणारा वाटला.

मतभेदाचे मूळ रचनेत आहे. पहिल्या भागात 'खुनी कोण?' हा प्रश्न वाचकाला ओढून नेतो. दुसऱ्या भागात मुख्य अपराधी सुरुवातीपासून समोर आहे, आणि तो नायकच आहे. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी ख्रुश्चेव यांनी पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात बंद दाराआड स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला. कादंबरीत त्या भाषणाच्या प्रती बाहेर पडतात आणि हुकूम बजावणाऱ्यांकडे हिशेब मागितला जाऊ लागतो. लिओ देमिदोवने ज्या धर्मगुरूचा विश्वासघात केला, त्याची पत्नी सूड उगवायला परतते. घरात दत्तक मुलगी झोया त्याचा द्वेष करते. तिच्या आईबापांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्या तुकडीचा प्रमुख लिओच होता.

अशा कथेकडे केवळ कोडे म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. तरीही पहिल्या तटाची तक्रार फेटाळता येत नाही. कथा कोलिमाच्या श्रमछावणीकडे आणि तिथून बुडापेस्टच्या उठावाकडे धावते. लिओ मार खातो, मरता मरता वाचतो. शारीरिक यातना म्हणजेच प्रायश्चित्त, असे जणू लेखकाने गृहीत धरले आहे. झोयाला उत्तर देण्याची वेळ मात्र लांबत जाते. वाचकांना खटकलेली पळापळ म्हणजे कादंबरीने स्वतःच्याच प्रश्नापासून काढलेला पळ आहे.

वर्ध्यात हे वाचताना सेवाग्राम आठवणे साहजिक आहे. १९१९च्या सत्याग्रहात हिंसा उसळली, तेव्हा लोकांची पुरेशी तयारी नसताना कायदेभंगाची हाक देणे ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, असे गांधीजींनी जाहीरपणे मान्य केले आणि लढा थांबवला. ख्रुश्चेव यांनी दोष मृत नेत्यावर ठेवला. त्या दडपशाहीतला स्वतःचा वाटा सांगितला नाही. पहिल्या कबुलीत 'मी' आहे, दुसरीत 'तो'. लिओ या दोहोंच्या मध्ये अडकला आहे. स्मिथ यांनी त्याला तिथेच थोडा वेळ बसू दिले असते, तर दोन्ही तटांचे समाधान झाले असते.