एका खवल्याची करामत

चार प्रमुख विषारी सापांच्या पंक्तीत देखणेपणाचा मान नागाचा. घोणसाला अंगपिंडाचा दबदबा आहे, मण्यारला काळी तुकतुकी. फुरसे मात्र हातभर लांबीचे, धुळकट, आखूड शेपटीचे. त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. दिसले की काठी शोधतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारनेच त्याच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. या चौघांत रचनेने सर्वांत बांधीव कोण, असे मला विचाराल, तर मी फुरशाचे नाव घेईन. फार थोड्या साहित्यात एवढे काम उरकलेले दुसरे जनावर सहसा आढळत नाही.

आधी ते जिथे राहते ती जागा पाहू. जव्हारहून मोखाड्याकडे निघाले की खोलगटात भातखाचरे, उतारांवर नागली-वरईची वरकस आणि मधूनमधून उघडा कातळ लागतो. दिवाळी सरली की हा कातळ करडा पडतो, गवत पिवळे होते, सागाचा तांबूस पाचोळा वाऱ्याने धोंड्यांच्या कडेला साचतो. या तीन रंगांपलीकडे फुरशाच्या अंगावर चौथा रंग जवळजवळ नाही. पाठीच्या मधोमध गडद किनारीच्या फिकट ठिपक्यांची ओळ, दोन्ही कुशींवर पांढुरकी नागमोडी रेघ आणि डोक्यावर बाणाच्या अग्रासारखी एक खूण. बारकावा त्या रेघेत आहे. शरीराची कड जिथे जमिनीला टेकते त्याच्या जरा वर ती वळसे घेत जाते, त्यामुळे साप नेमका कुठे संपला आणि माती कुठे सुरू झाली हे डोळ्याला ठरवता येत नाही. गवत कापणाऱ्या बाईचा हात मूठ भरायला पुढे जातो, तो याच फसव्या कडेपाशी.

नक्षीवरच भरवसा ठेवणारा इथे चकतो. मांजऱ्या सापाच्या अंगावरही जवळपास हीच वेलबुट्टी असते आणि त्यापायी तो निरुपद्रवी जीव फुरसे समजून मारला जातो. फरक पोतात आहे. मांजऱ्याचे अंग गुळगुळीत, उजेड पडला की लकाकणारे. फुरसे लकाकत नाही. त्याच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधून एक उभा उंचवटा जातो. त्याला खवल्याचा कणा म्हणू. अंगभर असे शेकडो कणे असल्यामुळे उजेड एकसंध परतत नाही, विखुरतो, आणि साप वाळल्या मातीइतका निस्तेज दिसतो. रंगाचे अर्धे श्रेय असे रंगाचे नाहीच, ते पोताचे आहे.

आता कुशीकडे या. इथले खालचे चार-पाच थर पाठीच्या खवल्यांसारखे सरळ बसलेले नाहीत, ते तिरके कललेले आहेत, आणि त्यांचा कणा नुसता उंच नाही, दातेरी आहे. डिवचले की फुरसे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालते आणि लगतची दोन वेटोळी एकमेकांवरून उलट दिशांनी फिरवत राहते. दात्यांवर दाते घासतात आणि तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका पडावा तशी चरचर उठते. वेटोळी जागच्या जागी वाहत असतात, डोके मात्र मध्यभागी स्थिर. एवढी गती आणि एवढी स्थिरता एकाच देहात पाहताना ताल धरणारा आणि गाणारा हे दोघे एकाच अंगात नांदताहेत असे वाटते.

घोणसाशी तुलना केली की या आवाजाची खुबी कळते. घोणस छाती भरून श्वास घेतो आणि जोराने फुत्कारतो. त्याचे वाद्य फुफ्फुस. श्वासाबरोबर ओलावाही बाहेर जातो. फुरशाची जात रखरखीत मुलखात वाढलेली, तिला श्वास न खर्चता इशारा देता आला हा पाणी वाचवण्याचाच एक मार्ग असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो, आणि मोखाड्यात अधिकच पटतो. चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, असा हा तालुका. इथे पाण्याच्या काटकसरीचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

इशारा मानला नाही तर झेप. ती इतकी त्वेषाची असते की कधीकधी झेपेबरोबर सगळे अंग पुढे ओढले जाते. एरवीची चालही वेगळी: सरळ न सरपटता अंगाचे वळसे उचलून टाकत ते तिरके, बाजूबाजूने जाते.

या कुळाला, म्हणजे एकिस प्रजातीला, मेरेम यांनी 1820 मध्ये शास्त्रीय नाव दिले. पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे श्रीलंकेपर्यंत तिच्या डझनभर जाती पसरल्या आहेत. भारतात जात एकच, श्नायडर यांनी 1801 मध्ये नोंदलेली. वायव्येकडच्या कोरड्या भागात तिचा अंगाने थोराड असा पाठभेद आढळतो. आफ्रिकेतली भावंडे अंडी घालतात, आपले फुरसे थेट पिल्ले देते. त्या चरचरीची कीर्ती एवढी की आफ्रिकेतल्या अंडीखाऊ सापाने ती उचलली आहे. त्याला ना विष, ना धड दात, पण कुशीचे दातेरी खवले घासून तो फुरशाची हुबेहूब नक्कल करतो. वाङ्मयचौर्याचे इतके निरागस उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पाठभेद आहारातही आहेत. धोंडा उलटला की खाली विंचू आणि गोम. आपले फुरसे हेही खाते आणि बेडूक, पाली, उंदीरही. कुळातल्या काही जाती मात्र मुख्यतः उंदीर-पालींवर जगतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की विंचू-गोमा खाणाऱ्या जातींचे विष विंचवांवर अधिक जालीम असते. ताटात काय वाढले आहे ते पाहून विषाचा पाक जमवलेला.

ते विषही खवल्याइतकेच काटकसरी आहे. जखम झाली की रक्त गोठवायला शरीर एकामागून एक घटक कामाला लावते, त्यात कॅल्शियमही लागते. फुरशाच्या विषातला एकॅरिन हा विकर ही सगळी रांग ओलांडून थेट प्रोथ्रॉम्बिन या घटकालाच हात घालतो. त्याला कॅल्शियमची गरज नाही, मदतनीसाची नाही. रक्तात नको तिथे बारीक गुठळ्या होऊ लागतात, गोठण्याचा कच्चा माल, फायब्रिनोजेन, संपून जातो आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, जुन्या जखमांतून ते झिरपू लागते. मारणाऱ्याचे कौतुक करताना जीभ अडखळते, पण युक्ती बिनतोड आहे.

ती ओळखायची रीतही तितकीच साधी. ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, असे म्हणत आणलेल्या माणसाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे. यंत्र नाही, वीज नाही. घड्याळ आणि काच. उपचार म्हणून घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले प्रतिसर्पविष देतात. ते या चारही सापांवर चालते, मुंबईच्या हाफकिनमध्येही ते बनत आले आहे.

याच विषातला दुसरा एक रेणू, एकिस्टॅटिन, रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याची घडण समोर ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान हे औषध रचले. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि हृदयविकाराच्या रुग्णांत गुठळी वाढू नये म्हणून ते शिरेतून देतात. एकॅरिनही प्रयोगशाळेत पोचला आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचा जोर किती, हे रक्तात तो मिसळून गोठायला लागणाऱ्या वेळावरून मोजतात.