छिद्र लहान, दावा मोठा

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली, की बायका दिवस दिवस बांधीत वाकून पऱ्हे लावतात. रोवणी संपते, पण काहींची कंबरदुखी संपत नाही. अशा वेळी 'चिरफाड न करता, एका सुईत गादी बरी' ही जाहिरात कोणालाही मोहात पाडील. तिच्यामागचा तर्क आपण तपासून पाहू.

दोन मणक्यांमधील गादीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते व आत लिबलिबीत गर असतो. जर्मनीत विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला व १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. सरळ उभे असताना तो ०.५ मेगापास्कल होता, पुढे वाकल्यावर १.१. कडे फाटून गर बाहेर आला, की तो मज्जातंतूला दाबतो. शिवाय तेथे दाह होतो आणि कळ पायात उतरते. परंतु हाच दाह सफाईही करतो. भक्षकपेशी गर खाऊन टाकतात व बाहेर आलेला भाग अनेकदा आपोआप आक्रसतो.

मग सुई टोचल्यानंतर बरे वाटले, तर श्रेय कोणाचे? नेदरलँड्समध्ये पायात कळ उतरणाऱ्या २८३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटावर लहान छेदाची शस्त्रक्रिया लवकर झाली, दुसऱ्याने वाट पाहिली. त्यातील ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली, बाकीच्यांना नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के बरे झाले होते. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, हे मात्र खरे. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा आधार एम.आर.आय.च्या चित्राचा. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांच्या चित्रांत गादी फुगलेली दिसली! चित्रातील फुगवटा हेच दुखण्याचे कारण, असे म्हणूनच ठामपणे सांगता येत नाही.

छिद्र लहान म्हणून धोकाही लहान, हेही खरे नाही. पपईच्या चिकातील कायमोपपेन गादीत टोचून गर विरघळविण्याच्या उपायाला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. उपाय गुणकारी होता. तरी दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांमुळे तो मागे पडला. जुनाट पाठदुखीसाठी मणक्याभोवती इंजेक्शने देणे किंवा रेडिओलहरींनी मज्जातंतू जाळणे टाळावे, अशी शिफारस 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२५ मध्ये प्रसिद्ध केली.

लघवीवरील ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे वाट पाहणे घातक ठरते. एरवी शिक्षकांनी अशी जाहिरात वर्गात फळ्यावर लिहावी आणि एकच प्रश्न विचारावा : उपचार न घेतलेल्यांचे काय झाले?