माळ, तळे आणि मराठी संवर्धनविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

परभणी तालुक्यातील पेडगाव हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील गाव गोदावरी व पूर्णा या नद्यांमधील काळ्या मातीच्या प्रदेशात वसलेले आहे. येथे अरण्य नाही आणि अभयारण्यही नाही. अशा प्रदेशातील पक्षिजीवन गायरान, मुरमाड माळ, शेतांचे बांध, ओढ्याचा काठ आणि पाझर तलाव यांच्या आश्रयाने टिकून राहते. मराठीतील संवर्धनविचार मात्र प्रामुख्याने अरण्यकेंद्री राहिला आहे. अरण्यासाठी घडविलेली मूल्यदृष्टी माळावर व उथळ पाण्यावर जशीच्या तशी लादल्यामुळे या दोन्ही अधिवासांची हानी झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘पडीक’ ही संज्ञा

महसुली व्यवहारात जमिनीचे मोल पिकावरून, तर वनव्यवहारात ते झाडावरून ठरते. गवताला या दोन्ही व्यवहारांत स्थान नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी व गवताळ जमिनींचे मोठे क्षेत्र ‘पडीक’ या वर्गात समाविष्ट झाले. वस्तुतः माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल आणि टिटवी हे पक्षी याच ‘पडीक’ जमिनीवर उघड्यावर अंडी घालतात. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. तणमोराचा नर पावसाळ्यात गवताच्या वर उड्या घेऊन मादीला साद घालतो, म्हणजे गवताची उंची हाच त्याच्या प्रजननाचा आधार होय. अशा माळावर दाट झाडे लावली की पक्ष्याची दूरवर पाहण्याची सोय जाते आणि कावळे व शिकारी पक्षी यांना बसण्यास जागा मिळते.

राज्यात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प राबविण्यात आला. त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु कोणत्या जमिनीवर झाड लावू नये, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत क्वचितच उपस्थित झाला. माळावर लावलेले झाड माळाच्या पक्ष्यासाठी अतिक्रमणच ठरते, हे आपल्या पर्यावरणविषयक लेखनाने वाचकाच्या मनावर पुरेसे बिंबविले नाही.

साहित्यातील माळ

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी मराठीला निसर्गाची शब्दसंपदा दिली. पाणपक्ष्यांच्या सामूहिक वीणवसाहतीसाठी ‘सारंगागार’ यासारखा शब्द त्यांनी रूढ केला. आदिवासी, पारधी व ढीवर यांच्या ज्ञानाला त्यांनी लेखनात सन्मानाचे स्थान दिले. त्यांचे जन्मस्थान सोलापूर हा माळढोकाचा जिल्हा, आणि २००६ साली तेथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तथापि समीक्षेने त्यांना ‘अरण्यऋषी’ या एकाच उपाधीत बंदिस्त केले. त्यामुळे निसर्गलेखन म्हणजे अरण्यलेखन, असे समीकरण दृढ झाले.

याउलट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माळ हा धनगरांच्या जगण्याचा आधार म्हणून येतो. मात्र ही कादंबरी ग्रामीण साहित्य म्हणून वाचली गेली. निसर्गसाहित्य म्हणून तिचे वाचन फारसे झाले नाही. मेंढरू, गवत, पाऊस आणि माणूस यांचे परस्परावलंबन हा परिसरविज्ञानाचाच विषय आहे. मर्यादित चराईमुळे गवत आखूड राहते व काही पक्ष्यांना ते उपकारकही ठरते. अतिचराईने मात्र माळ उजाड होतो. हा विवेक धनगरी व्यवहारात होता. समीक्षेच्या विभागणीत तो हरवला.

नान्नजचा अनुभव

सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. कि.मी. होते. त्यात गावे, शेते व खासगी जमिनी मोठ्या प्रमाणावर समाविष्ट होत्या. परिणामी शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी आपुलकीऐवजी निर्बंधांची धास्ती निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी. इतके कमी करण्यात आले. तोवर माळढोकाची संख्या घसरत गेली होती. २०११ साली तो जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त ठरला आणि आज नान्नज परिसरात त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. केवळ रेषा आखून माळ वाचत नाही, हा या अनुभवाचा बोध होय. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजाच्या सहभागाने राखलेले गवताचे तुकडे आकाराने लहान असले, तरी अधिक आशादायक वाटतात.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे गायरान हा भूमिहीन दलितांच्या जमीनहक्काचा प्रश्न आहे. गवत राखण्याच्या नावाखाली कसणाऱ्याला हुसकावणे न्याय्य नाही, आणि टिकणारेही नाही. पक्षी आणि भूमिहीन यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरविणारा संवर्धनविचार मुळातच सदोष आहे.

उथळ पाण्याचे मोल

जायकवाडीचा नाथसागर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. परभणी जिल्ह्यातील येलदरी जलाशयासही असे महत्त्व आहे. पाणपक्ष्यांना खोल पाण्यापेक्षा जलाशयाचा उथळ काठ, दलदल आणि लगतची शेते अधिक उपयोगी पडतात. पट्टकादंब हंस पाण्यावर विसावा घेतो, परंतु चरावयास काठावरच्या गवतात व शेतात जातो. कांड्या करकोचाही हरभऱ्याच्या शेतात उतरतो. अर्थात माळ, शेत आणि तळे या पक्ष्यांच्या दृष्टीने एकाच अधिवासाचे भाग आहेत. तलावांचे खोलीकरण करताना उतरते काठ राखले नाहीत, तर साठा वाढतो आणि पक्षी हटतात. धरणातील उघड्या पडलेल्या जमिनीवरील गाळपेऱ्यात होणारी रासायनिक फवारणी हाही दुर्लक्षित मुद्दा आहे.

समारोप

पेडगावसारख्या गावाच्या संदर्भात संवर्धनाचा अर्थ नवे अभयारण्य असा होऊ शकत नाही. गायरानाचा काही भाग विणीच्या हंगामापुरता चराईमुक्त ठेवणे, माळावर वृक्षारोपण टाळणे आणि तलावाचा एक काठ उथळ राखणे एवढे निर्णय ग्रामसभेच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी प्रथम माळाला ‘पडीक’ म्हणणे थांबविले पाहिजे. अभ्यासक्रमात ग्रामीण व निसर्गपर साहित्य स्वतंत्र दालनांत न ठेवता एकत्र वाचले गेल्यास या बदलाचा प्रारंभ महाविद्यालयाच्या वर्गातूनही होऊ शकेल.