‘चिरंजीव सचिन’ : एक पुनर्वाचन

द्वारकानाथ संझगिरी २०२५ साली निवर्तले. त्यांचे ‘चिरंजीव सचिन’ हे पुस्तक आम्ही अलीकडे गाणगापूरच्या मुक्कामी पुन्हा वाचले. पूर्वी शीर्षकच खटकले होते. मर्त्य खेळाडूस अमर म्हणणे हा पहिल्या आज्ञेचा भंग नव्हे काय? आज वाटते, आम्ही तो शब्द अर्धाच वाचला होता. मराठी घरात मुलाच्या नावाआधी ‘चिरंजीव’ लिहितात, तो आशीर्वाद असतो.

संझगिरींची लेखणी चित्रपटांच्या उपमांत रमते व चिकित्सा मागे पडते, हा दोष खराच. तथापि त्यांचे प्रेम भक्ताचे नव्हे, घरातील वडीलधाऱ्याचे आहे.

गाणगापुरास यात्रेकरू निर्गुण पादुकांपुढे नतमस्तक होतात. आपण देवापुढे आहोत, हे ते जाणून असतात. क्रिकेटचा चाहता मात्र माणसालाच देव म्हणतो. पण १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, दोनशेवी कसोटी संपल्यावर, वानखेडेच्या खेळपट्टीला तेंडुलकरच नमस्कार करून गेला. पूज्य मानलेला स्वतःच वाकला!

म्हणून आपल्या मंडळीतील तरुणांच्या भिंतीवरचे खेळाडूचे चित्र पाहून लगेच मूर्तिपूजेचा ठपका ठेवू नये. हा आशीर्वाद आहे की आराधना, एवढेच प्रेमाने विचारावे.