शिलालेखाची संहिता आणि नियमभाषा

कंधार येथील राष्ट्रकूट तिसरा कृष्ण (इ. स. ९३९–९६७) याच्या काळचा शिलालेख खंडित स्वरूपात उपलब्ध आहे. अशा लेखाची संगणकीय संहिता सिद्ध करताना कोणते अक्षर स्पष्ट, कोणते संदिग्ध आणि कोणते संपादकाने पुरविलेले, हे खुणांनी वेगळे दाखवावे लागते. कोणती खूण कोठे यावी व कोणती अनिवार्य असावी, हे ज्या भाषेत ठरविले जाते तिला नियमभाषा म्हणता येईल. प्रचलित नियमभाषांची परीक्षा अशा लेखाच्या कसोटीवर करणे उद्बोधक ठरते.

एक्सएमएलच्या १९९८ मधील मूळ नियमपद्धतीत घटकांचा क्रम सांगता येई. पण एखाद्या घटकातील मजकूर वर्ष आहे की अन्य काही, हे तपासता येत नसे. २००१ च्या एक्सएमएल स्कीमाने ही उणीव दूर केली. तथापि काल निश्चित असल्यास वर्ष द्यावे, नसल्यास पूर्वोत्तर मर्यादा द्याव्यात, असा विकल्प घटकाच्या गुणधर्मांबाबत तिच्या पहिल्या आवृत्तीत मांडता येत नव्हता. दोन्ही ऐच्छिक ठेवावेत, तर नोंद कोरीही राहू शकते. वर्ष अनिवार्य करावे, तर संपादकास अनुमान निश्चितीच्या वेषात लिहावे लागते. अशी नोंद वैध ठरते, परंतु सत्य राहत नाही. २०१२ च्या आवृत्तीने हा दोष पुष्कळ अंशी दूर केला.

जेम्स क्लार्क व मुराता माकोतो यांच्या रिलॅक्स एनजीने मात्र २००१ मध्येच गुणधर्म व घटक यांना समान लेखून हा विकल्प सुलभ केला. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हची संहितापद्धती व तिच्यावर आधारलेली, शिलालेखांसाठी योजिलेली एपिडॉक पद्धती यांनी तिचाच आश्रय केला, हे सयुक्तिक होय.

तीही निर्दोष नाही. शिळेवरील ओळ जागा संपली की तुटते, वाक्य मात्र अर्थ पुरा झाल्यावर संपते. ही दोन विभाजने एकमेकांस छेदतात. म्हणून वाक्य हा घटक मानून ओळीचा आरंभ केवळ रिकाम्या खुणेने दाखवावा लागतो. मग ओळींचे क्रमांक सलग आहेत की नाहीत, हे पाहण्यास रिक जेलिफ यांच्या स्किमॅट्रॉनसारख्या स्वतंत्र नियमांचे साहाय्य घ्यावे लागते.

सारांश, जी नियमभाषा संदेहालाही नियमबद्ध स्थान देते, तीच अशा खंडित लेखास न्याय देऊ शकेल.