एका पडद्यावरचा सहखेळ आणि त्याची बोली

व्हिडिओ-खेळ हा विषय विद्यापीठीय लेखनात आला की त्याची मांडणी सामान्यतः दोनच अंगांनी होते. एक तर मुलांच्या अभ्यासाची हानी, नाही तर त्या धंद्यातील उलाढाल. दोन्ही अंगांनी लिहिताना खेळ हा स्वतः विवेचनाचा विषय होत नाही. प्रस्तुत लेखात त्या खेळांच्या एका मर्यादित प्रकाराचाच विचार करावयाचा आहे. एका खोलीत, एकाच दूरदर्शन-संचासमोर बसून, दोघा वा अधिक जणांनी एकमेकांविरुद्ध नव्हे तर एका बाजूने खेळावयाचा जो खेळ, त्याला येथे ‘सहखेळ’ असे म्हटले आहे. हा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मागे पडत गेला, हे सर्वमान्य आहे. त्याविषयी हळहळही पुष्कळ व्यक्त होते. परंतु नेमके काय गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खेळ गेले म्हणावे, तर जुन्या कॅसेटींतील बहुतेक खेळ आज संगणकावर जसेच्या तसे खेळता येतात. गेली आहे ती त्या खेळांभोवतीची बोली, आणि तिच्याबरोबर मराठीतील ‘आपण’ या सर्वनामाचा एक जिवंत वापर. हेच या लेखाचे प्रतिपाद्य होय.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिली कंप्यूटर’ या यंत्राच्या स्वस्त नकला १९९० नंतरच्या दशकात आपल्या शहरांतील घराघरांत पोचल्या. मुलांच्या तोंडी त्या यंत्राचे नाव ‘टीव्ही गेम’ असे होते. त्यात घालावयाची ती ‘कॅसेट’, आणि हातात धरावयाचा तो ‘रिमोट’. या कॅसेटींत दोन खेळाडूंची सोय असलेले खेळ अनेक होते, परंतु ती सोय एकाच जातीची नव्हती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळात दोघे पाळीपाळीने खेळतात. एकाचा डाव चालू असता दुसरा केवळ प्रेक्षक असतो. याच्या उलट टोकाला ‘बबल बॉबल’ (१९८६) हा खेळ आहे. एकट्याने तो शेवटपर्यंत नेला तरी त्याचा खरा शेवट दिसत नाही. मित्राला घेऊन पुन्हा ये, असेच खेळाडूस सुचविले जाते. पहिल्या खेळात दुसरा खेळाडू ही एक सवलत आहे, तर दुसऱ्यात ती रचनेची अट आहे. सहखेळ या नावास पात्र आहे तो हा दुसरा प्रकार.

आपल्याकडे या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे ‘कॉन्ट्रा’. कोनामी कंपनीने तो १९८७ साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी काढला आणि पुढल्याच वर्षी घरगुती यंत्रावर आणला. त्याचे कथानक उथळ आहे. दोन सैनिक, परग्रहावरचे शत्रू, बंदुका. वाङ्मयीन दृष्टीने त्यात पाहण्यासारखे काही नाही. परंतु कथानकावरून खेळाची परीक्षा करणे हे संहितेवरून तमाशाची परीक्षा करण्यासारखे आहे. ‘कॉन्ट्रा’चे खरे वैशिष्ट्य त्याच्या तिसऱ्या टप्प्यात प्रकट होते. येथे दोघांना धबधब्याच्या कडेने उड्या मारीत वर चढावयाचे असते. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि जो मागे राहिला तो पडद्याच्या खालच्या कडेखाली जाऊन मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. सोबत्याच्या घाईने तो मरतो. शिवाय एकाचे सर्व ‘लाइफ’ संपले तर दुसऱ्याच्या शिलकीतून उसने घेण्याची मुभाही या खेळात आहे. तेव्हा वाट पाहणे आणि उसने देणे या दोन गोष्टी येथे सद्गुण म्हणून शिकविलेल्या नसून यंत्राच्या नियमांतच गोवलेल्या आहेत. एका पडद्याची तांत्रिक मर्यादा ही या खेळाची नीती झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता भाषेकडे वळू. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात ट्रोब्रियांड बेटांवरील कोळ्यांच्या सामुदायिक मासेमारीचे उदाहरण दिले आहे. अशा वेळी होणारे त्यांचे बोलणे त्रोटक असते आणि हाती असलेल्या कामाशी जखडलेले असते. ते काम न पाहणाऱ्यास त्याचा अर्थच लागणार नाही. येथे भाषा विचाराचे वाहन नसून कृतीचे एक अंग असते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. पुढे १९३४ साली कार्ल ब्यूलर यांनी ‘मी, येथे, आता’ या बिंदूभोवती उभ्या राहणाऱ्या निर्देशक्षेत्राची कल्पना मांडली. या दोन्ही कल्पनांना सहखेळाच्या बोलीइतके चोख उदाहरण आपल्या घरांत क्वचितच सापडेल.

‘थांब, मी खाली आहे.’ ‘हा नको, तो घे.’ ‘तू वरचा मार, मी इकडे बघतो.’ ‘आता उडी!’ तो खेळ खेळलेल्या कोणाही मराठी माणसास ही वाक्ये ओळखीची वाटतील. यांत नामे जवळजवळ नाहीत. हा, तो, इकडे, वर, आता ही दर्शके आणि आज्ञार्थी क्रियापदे यांवरच सारा व्यवहार चालतो. तो चालू शकतो याचे कारण एकच: दोघांची दृष्टी एकाच पडद्यावर आहे, दोघांचे ‘येथे’ एक आहे. मात्र एका ठिकाणी सर्वनामाची निवड अर्थपूर्ण ठरते. ‘आता आपण मरणार’ असे दोघांतील एक जण दुसऱ्यास म्हणतो. ‘आम्ही मरणार’ असे म्हणत नाही. श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूतही आहे. प्रमाण हिंदीत व इंग्रजीत तो नाही. ‘आपण’ची मराठीतील कामे अनेक आहेत. ते आदरार्थी द्वितीय पुरुषात येते, स्वतःबद्दल बोलताना येते, आणि सभेत वक्ता श्रोत्यांस गोंजारण्यासाठीही ते वापरतो. परंतु ज्या ‘आपण’मध्ये दोघांचे खरोखरच एक काम आणि एकच जोखीम असते, तो त्याचा सर्वांत भरीव वापर होय. सहखेळात तो क्षणोक्षणी होत असे. ‘भिडू’ हा आपला खेळातला जुना शब्दही येथे आठवतो. मराठी कानास त्यात ‘भिडणे’ ऐकू येते, आणि खांद्यास खांदा भिडवून बसल्यावाचून हा खेळ होतही नव्हता.

अशी बोली केवळ खेळातच असते असे नव्हे, आणि हे पाहण्यास वाशी येथील एपीएमसी मार्केटसारखे दुसरे स्थळ नाही. मुंबईतील घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने येथे हलविण्यात आला, आणि आज कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला व दाणा असे पाच बाजार एका आवारात नांदत आहेत. ट्रकमधून गोणी उतरविणाऱ्या माथाडी टोळीचे बोलणे ऐकावे. तेही असेच त्रोटक, दर्शकांनी भरलेले, दोघांच्या पाठीवर एकच भार असल्याने नेमके झालेले. फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी जुनी रीत सांगितली जाते, तीत तर शब्दही उरत नाही. उघड लिलावाच्या दृष्टीने ती रीत आक्षेपार्ह आहे, हे खरेच. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती निर्देशक्षेत्राची परिसीमा आहे. हाताला हात लागल्याशिवाय तेथे वाक्यच होत नाही.

याच बाजारात खेळाचे स्थित्यंतरही पाहावयास मिळते. येथील कामाची मोठी गर्दी पहाटेपासून सकाळपर्यंत. दुपारी गाळ्यांच्या ओट्यांवर तरुण मुले मोबाइल घेऊन बसलेली असतात. त्यांत दोन प्रकारचे घोळके दिसतात. एका घोळक्यात चौघांमध्ये एकच फोन असतो आणि त्यावर लुडो चाललेला असतो. दुसऱ्यात चौघांचे चार फोन असतात, कानांत चार इअरफोन, आणि चौघे एकाच लढाईत असूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. पहिल्या घोळक्याचा ‘लुडो किंग’ हा खेळ २०१६ साली याच नवी मुंबईतील गेमशन या कंपनीने काढला. एकच फोन हातोहात फिरवून खेळण्याची सोय त्यात आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. माणसांची शेजारी बसून खेळण्याची इच्छा नाहीशी झालेली नाही, याचा तो पुरावा होय. परंतु पचिसीच्या कुळातला हा खेळ पाळीचा आणि चुरशीचा आहे. त्यात ‘तू’ आणि ‘मी’ भरपूर आहेत. ‘आपण’ला वाव थोडा. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर दोघांनी एकाच वेळी धावावे अशी जागाही नसते.

सहखेळ मागे का पडला, याची कारणे गूढ नाहीत. चित्रे जसजशी तपशीलवार झाली तसतसे एकच पडदा दुभागून दोन दृश्ये एकदम रेखाटणे यंत्रास जड होऊ लागले. दुसऱ्या बाजूने, २००२ साली सुरू झालेल्या ‘एक्सबॉक्स लाइव्ह’सारख्या सेवांनी दूरस्थ खेळ सुलभ केला, आणि एका खोलीत एका प्रतीवर खेळणाऱ्या दोघांऐवजी दोन घरी दोन प्रती खपू लागल्या. ‘हेलो’ ही मालिका दुभंगलेल्या पडद्यासाठीच ख्यात होती. तिच्या २०१५ सालच्या पाचव्या खेळातून ती सोय वगळण्यात आली. पुढल्या ‘हेलो इन्फिनिट’ या खेळाच्या कथाभागात ती देण्याचे जाहीर झाले होते, पण २०२२ साली तो बेतही रद्द झाला. आपल्याकडे तर घरातला पडदाच गौण ठरला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील डेटा अतिशय स्वस्त झाला; २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला, २०२० च्या सप्टेंबरात त्यावर भारतात बंदी आली, आणि २०२१ मध्ये तोच खेळ वेगळ्या नावाने परतला.

या नव्या खेळांत सहकार्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौघांची तुकडी तेथेही असते, एकाने दुसऱ्यास उठवावयाचे असते, दारूगोळा वाटून घ्यावयाचा असतो. परंतु प्रत्येकाचा पडदा निराळा, म्हणून प्रत्येकाचे ‘येथे’ निराळे. ‘तिकडे बघ’ म्हणून काही उपयोग नाही. होकायंत्रावरचा आकडा सांगावा लागतो किंवा नकाशावरील ठिकाणाचे नाव घ्यावे लागते. दर्शकांची जागा नामे आणि अंक घेतात. या बोलण्यात नेमकेपणा अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर आणखी एक बदल होतो. तुकडीत अनोळखी, परप्रांतीय खेळाडू आला की बोलणे हिंदी-इंग्रजीकडे झुकते. मुंबईच्या बोलचालीच्या हिंदीत ‘अपन’ आहे खरे. तरी अशा तुकडीत बहुधा ‘टीम’ आणि ‘स्क्वाड’ ही नामेच समूहाची वाचक होतात. सर्वनाम जाऊन नाम आले, हे स्थित्यंतर वैयाकरणाने उपेक्षू नये. ‘आपण’ म्हणावयास समोर माणूस लागतो. ‘टीम’ यादीवरूनही होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दूरस्थ खेळाने तुटलेली माणसे जोडली. बाजारात राबणाऱ्या अनेकांची घरे सातारा-सांगलीकडे आहेत, आणि गावाकडच्या चुलतभावाशी रोज रात्री खेळता येणे हा अस्सल लाभ आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा लाभ पत्राचा आहे आणि गेलेली वस्तू गप्पांची आहे. एकीने दुसरीची भरपाई होत नाही. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. सहखेळ मेलेला नाही, उलट त्याला मान मिळत आहे, असे म्हणता येईल. ‘ओव्हरकुक्ड’ (२०१६) हा खेळ एका स्वयंपाकघरात अनेकांना एकमेकांच्या पायांत अडखळावयास लावतो. ‘इट टेक्स टू’ (२०२१) हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. त्यास त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वश्रेष्ठ खेळाचा मान मिळाला. कलादृष्ट्या हे खेळ ‘कॉन्ट्रा’पेक्षा निःसंशय समृद्ध आहेत. परंतु एखादा प्रकार गौरवास पात्र होणे आणि तो नित्याचा असणे या भिन्न गोष्टी आहेत. १९९० च्या दशकातील कॅसेट वाडीवस्तीत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे. आजचा असा खेळ महागडे यंत्र आणि स्वतंत्र खोली यांची अपेक्षा ठेवतो. नाट्यसंगीताच्या मैफली आजही होतात, पण ते गुणगुणत कोणी कामावर जात नाही, तसेच हे आहे.

याला समांतर अशी एक घटना मराठीच्या इतिहासात घडून गेलेली आहे. एका जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत, आणि त्या समाईक श्रमातून ओवी निघत असे. पिठाची गिरणी आली, श्रम वाचले, ही इष्टच गोष्ट झाली. पण ओवीचा प्रसंगच संपला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, म्हणून आज त्या अभ्यासास उपलब्ध आहेत. जात्याच्या जागी रिमोट ठेवल्याने काहींना विनोद वाटेल. ओवीची काव्यगुणांत बरोबरी ‘थांब, मी खाली आहे’ हे वाक्य करू शकत नाही, हेही उघड आहे. परंतु दोन हातांच्या एका कामातून जन्मलेली भाषा या नात्याने दोहोंची जात एक आहे, आणि हत्यार बदलताच नष्ट होण्याचा धोकाही एकच आहे.

म्हणून या विषयाची समीक्षा खेळांच्या सूचीपुरती थांबवून चालणार नाही. कॅसेटीतील खेळ जतन झाला. त्याच्यासमोर बसलेल्या दोघांचे बोलणे कोणी जतन केले नाही, कारण ते बोलणे म्हणजेच खेळाचा अर्धा भाग, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांतील दोघांना जुन्या खेळासमोर पुन्हा बसवून त्यांची वाक्ये नोंदविणे, आणि बाजारातील त्या दोन घोळक्यांच्या बोलण्याशी ती ताडून पाहणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधास पुरेल एवढे काम आहे. त्यात सर्वनामे मोजावीत, दर्शके मोजावीत, ‘आपण’ कोठे येते आणि कोठे येईनासे होते ते पाहावे. मुलांनी काय खेळावे हे ठरविण्याचा अधिकार भाषाशास्त्रास नाही. परंतु ज्या भाषेत ‘आम्ही’हून ‘आपण’ वेगळे आहे, त्या भाषेच्या अभ्यासकाने, दोघांना ‘आपण’ म्हणावयास लावणारे प्रसंग किती उरले, याचा हिशेब ठेवलाच पाहिजे.